वाघरीची गाठ आणि राघूचा नवा हात

पिंपरी पेंढारच्या राघू बरकड्याला नवा हात बसला, तेव्हा गावाला राघूपेक्षा हाताचंच कौतुक जास्त. येईल तो पावणा आधी हाताला रामराम घालायचा, मग राघूला. आणि प्रश्न तरी कसले विचारावेत माणसांनी! रेंज नसली तर हात चालतो का? रिमोट कुणाकडं असतो? देवळातल्या भागू पुजाऱ्यानं तर कहर केला. "झोपंत हा हात बायकूला लागला," तो म्हणाला, "तर केस कुणावर पडंल, तुझ्यावर का कंपनीवर?"

"आधी माझ्यावर पडंल," राघू म्हणाला. "बायकूला दोन हात हायेत."

राघूचा उजवा हात पाच वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या मशीननं नेला होता, कोपराच्या वरून. त्यानंतर पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सहा जणांवर नव्या हाताची चाचणी सुरू झाली आणि राघूचा नंबर लागला. डॉक्टरांनी त्याच्या दंडाच्या हाडातच टिटॅनियमची मेख ठोकली, तिचं टोक कातडीबाहेर ठेवलं आणि त्या टोकावर हात अडकवला. आतल्या नसांना वायरी जोडल्या. राघूनं मनात 'मूठ' म्हटलं की मूठ वळायची, 'उघड' म्हटलं की उघडायची. एवढ्यावर भागलं असतं तरी खूप होतं. पण त्या हाताच्या बोटांना काही लागलं की ते राघूला कळायचं! जो अंगठा कडब्याबरोबर बारीक होऊन गेला, तोच अंगठा आता कोकराचा कान धरल्यावर 'कान हाय' म्हणून सांगायचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा राघू हॉस्पिटलात सगळ्यांदेखत रडला. हे तो गावात सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आता एवढी वस्तू कुणी आंदण देत नाही. हात एक वर्षाच्या बोलीवर होता. वर्ष संपलं की मोहिनी मॅडम, म्हणजे या चाचणीच्या डॉक्टरबाई, घरी येऊन शेवटची परीक्षा घेणार. पास झाला तर हात राघूचा. नाहीतर हात परत लॅबला, आणि राघूच्या दंडात नुसती मेख. परीक्षेत प्रत्येकानं आपल्या रोजच्यातलं एक काम करून दाखवायचं होतं. अवसरीच्या एका बाईनं भाकरी थापायचं ठरवलं. येडगावच्या एका गड्यानं जाळ्यातून मासा सोडवायचं ठरवलं. राघूनं सांगितलं, "मी वाघरीची गाठ मारणार."

मॅडमनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काय?"

मेंढ्या वावरात बसवायच्या, म्हणजे त्यांना शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मुक्कामाला ठेवायचं, की वावराला लेंडीखत आयतं मिळतं. मेंढ्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून भोवती सुताची जाळी लावतात, ती वाघूर. तिची टोकं शेवटी गाठ मारून जोडायची असतात; मोठ्या वावराला अशा दोन गाठी येतात, वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. गाठ सुटली की मेंढ्या सुटल्या.

तीन वर्षांपूर्वी राघूनं आपल्या साठ मेंढ्या संपत शिंद्याच्या वावरात बसवल्या. संपत त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गावचा मोठा बागायतदार. एकाच बाकावर बसून दोघांनी मास्तरांचा मार खाल्लेला. त्या दिवशी संपत म्हणाला, "राघ्या, तुला एका हातानं उशीर व्हतोय, वरल्या अंगाची गाठ मी मारतो." खालच्या अंगाची राघूनं मारली, डाव्या हातानं आणि दातानं. सकाळी बघतात तर दोन्ही गाठी सुटलेल्या, वाघूर उघडी आणि मेंढ्यांनी शेजारची दीड एकर कोथिंबीर मुळासकट साफ केलेली. आधी कोणती गाठ सुटली, कुणी पाहिलं नव्हतं. पण गावानं ते पाहण्याची वाट कशाला बघावी? एक गाठ दोन हातांची, दुसरी एका हाताची. संपत म्हणाला, "थोट्याची गाठ ती. माझंच चुकलं, त्याला बोलावला."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि तेव्हापासून पंचक्रोशीत कुणी राघूला मेंढ्या बसवायला बोलावलं नाही. बोलावतील तरी कसे? राघूला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की गाठ आपलीच सुटली असणार. म्हणून त्याला तो हात हवा होता. पेन धरायला नको होता, कपबशी धरायला नको होता. सगळ्या गावासमोर एक गाठ मारायला हवा होता.

वर्षभर त्यानं सराव केला. घराच्या तुळईला, बाभळीला, शेळीच्या शिंगाला, दिसेल तिथं गाठी. पहिल्या महिन्यात जोर इतका लागायचा की त्यानं चार टोमॅटो, दोन स्टीलचे पेले आणि साडूचा चष्मा चिरडला. मग हात वळला. अंगठ्याला दोराचा पीळ कळायला लागला.

परीक्षा सोमवारी होती आणि बिरोबाची जत्रा आली रविवारी. इथं खरी गोम आहे.

हाताबरोबर हॉस्पिटलनं एक कागद दिला होता. राघूची बायको तुकाबाई हिनं तो दाराच्या मागं चिकटवला होता. पाणी नको, धूळ नको, तेल नको. वर्षभर तुकाबाईनं तो कागद इतका पाळला, की राघू चुलीजवळ आला तरी ती ओरडायची. पण घरात नवीन ट्रॅक्टर आला काय आणि शिलाई मशीन आलं काय, ते आधी बिरोबाला दाखवायचं आणि त्याला भंडारा लावायचा, ही त्यांच्या घरची रीत. हाताचं ते राहून गेलं होतं.

"उद्या परीक्षा," तुकाबाई म्हणाली, "आन् देवाला हात दाखवलाच न्हाई. चला."

"अगं, कागदावर..."

"कागद मला पाठ हाय. पाणी, धूळ, तेल. भंडारा नको असं कुठं लिव्हलंय?"

राघूनं कागद पुन्हा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं.

एवढ्यावर थांबेल तर ती तुकाबाई कसली! देवळाच्या पायरीवर तिनं हातावरच्या रबरी मोज्याकडे बघितलं. "हे चामड्यागत दिसतंय. चामडं देवापुढं चालत न्हाई." राघूनं मोजा काढून खिशात घातला. बोटांचे सांधे, दातऱ्या, तारा सगळं उघडं पडलं. आणि मग "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" झालं. तुम्ही धनगरांची जत्रा बघितली असेल तर तुम्हाला सांगायला नको. तिथं भंडारा चिमटीनं लावत नाहीत, पोत्यानं उधळतात. माणूस, ढोल, मेंढरू, सगळं पिवळं. भागू पुजाऱ्यानं नव्या हातावर नारळ फोडला, पाणी ओतलं आणि वर दोन मुठी भंडारा प्रेमानं चोळला.

तेवढ्यात समोरून यात्रा कमिटीचे अध्यक्ष आले. म्हणजे संपत शिंदे. पांढरा नेहरू शर्ट, दोन्ही हात खिशात. गेल्या दोन वर्षांत या माणसाचे हात कुणी खिशाबाहेर बघितले नव्हते. गाव म्हणायचं, पैशाचा माज. तो राघूला ओलांडून जाणार, तोच भागूनं माईकवरून पुकारा केला, "अध्यक्ष, भंडारा लागल्यावर वैर धरायचं न्हाई! देवाच्या दारात हाय तुमी. द्या राघूच्या हातात हात!"

सगळी जत्रा वळून बघायला लागली. ढोल थांबले. आता अध्यक्ष कुठं पळणार? संपतचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि झटकन पुढं केला. राघूनं मनात 'मूठ' म्हटलं. मूठ वळली. टाळ्या पडल्या. राघूनं मनात 'उघड' म्हटलं. हात नुसता 'घर्र' झाला आणि गप्प बसला.

"सोड," संपत दातओठ खात हळूच म्हणाला.

"सोडलाय."

"मग सुटंना का?"

"मी सोडलाय. त्यानं न्हाई सोडला."

नारळाचं पाणी आणि भंडारा यांचा सांध्यासांध्यात लेप बसला होता. चौघांनी संपतला ओढलं, चौघांनी राघूला. राघूच्या हाडात कळ गेली आणि तो असा बोंबलला की ढोलवाल्यांना वाटलं, अंगात आलं, त्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. तुकाबाईनं देवापुढं नाक घासलं. संपतची बायको साळुबाई म्हणाली, "राहू द्या तसंच चार दिवस. तीन वर्षं ह्यांच्या भांडणापायी मला तुकाबाईसंगं बोलता आलं न्हाई."

"सुदर्शनच्या गॅरेजात चला," संपत ओरडला. "त्याच्याकडं ग्राइंडर हाय. मनगटातनं कापून काढतो तुझं मशीन!"

राघूच्या तोंडचं पाणी पळालं. हात मेखेवरून काढायचा एक छोटा पाना असतो. तो पाना राघूच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. त्यानं पाना फिरवला असता तर तो मोकळा झाला असता, पण मग हात संपतच्या पंज्याला लोंबकळत गेला असता, थेट ग्राइंडरखाली. आणि उद्या परीक्षा.

"हात काढायचा पाना न्हाई का?" कुणीतरी विचारलं.

"पाना पुण्याला असतोय," राघू म्हणाला, "डॉक्टरबाईकडं."

तुकाबाईनं सकाळी स्वतःच तो पाना त्याच्या खिशात घातला होता. ती देवळाच्या कळसाकडे बघत उभी राहिली.

शेवटी दोघांना साउंड सिस्टीमच्या टेम्पोत घातलं. हस्तांदोलन करत बसलेली माणसं एका दिशेला तोंड करून बसू शकत नाहीत, बसून बघा. तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली ती दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून, पिवळीधमक, समोरासमोर बसली. गॅरेज फाट्यावर, तिथवर पोचायला जत्रेच्या गर्दीतून तास लागला. संपत उजवीकडे बघायचा, तेव्हा राघू डावीकडे. मध्येच दोघं चुकून एकाच वेळी समोर बघायचे आणि दोघंही खाकरायचे.

आणि त्या तासात राघूला ते लागलं. अंगठ्याखाली थरथर. बारीक, एकसारखी, थांबत नव्हती. आधी त्याला वाटलं, टेम्पो हलतोय. टेम्पो रसवंतीपाशी थांबला, इंजीन बंद झालं, तरी थरथर चालूच. मग वाटलं, मशीन बिघडलं. त्यानं डाव्या हातानं संपतचं मनगट धरलं. ते मनगटच थरथरत होतं. नुकतं जन्मलेलं कोकरू उचललं की आतून अशीच थरथर लागते. राघूनं मान वर केली. संपत त्याच्याकडेच बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं त्याला माज म्हणत नाहीत. ती भीती होती, उघडी भीती. दोन वर्षं खिशात कोंडलेली.

गॅरेजमध्ये दहा-बारा माणसं गोळा झाली. संपतचा पुतण्या सुदर्शन वाकून बघत म्हणाला, "आयला, हे थरथरतंय काय?"

"मशीन थरथरतंय त्याचं," संपत घाईघाईनं म्हणाला.

सगळ्यांनी राघूकडे बघितलं. थोट्या म्हणणाऱ्या माणसाचं नाक कापायची अशी संधी परत यायची नव्हती.  "हां," राघू म्हणाला, "मशीनच थरथरतंय. सकाळपासनं."

 नंतर संपतनं ग्राइंडरचं नाव काढलं नाही. सुदर्शननं टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरची नळी आणली आणि फुंकर मारली. गॅरेजात पिवळा ढग उठला, सगळे शिंकले, आणि त्या ढगात 'टक' करून मूठ उघडली. संपतनं हात खिशात घातला आणि चहालासुद्धा न थांबता निघून गेला.

सोमवारी सकाळी मोहिनी मॅडम आल्या. राघूच्या अंगणात वाघूर लावलेली, दोन्ही टोकं गाठीसाठी मोकळी ठेवलेली. अर्धं गाव कुडाला टेकून उभं. राघूनं रात्रभर लोकरीच्या कुंचल्यानं सांधे साफ केले होते, हात लख्ख होता. मॅडमनं त्याला वायर लावली आणि लॅपटॉप उघडला. हाताला काय काय लागलं याची नोंद हातातच राहते, हे राघू विसरून गेला होता.

"राघूकाका, काल काय झालं?" मॅडमच्या कपाळाला आठ्या. "दोन तास बोटांचा सिग्नल थरथरतोय. सेकंदाला पाचदा."

राघू वाघरीचं टोक उगाच सारखं करायला लागला.

"मॅडम, काल काका म्हणलेच," सुदर्शन कुडावरून ओरडला, "मशीन सकाळपासनं थरथरतंय म्हणून!" काही माणसांना मदत करायची भारी हौस.

मॅडमनं लॅपटॉप मिटला. "काका, ही वस्तू तुमच्या नसांना जोडलेली आहे. ती आपोआप थरथरत असेल तर तुमच्या अंगावर ठेवणं मला जमणार नाही. परीक्षा राहू दे. हात लॅबला न्यावा लागेल."

"परत कधी यील?" तुकाबाईनं विचारलं.

मॅडमनं वहीतलं परीक्षेचं काम खोडलं, त्यावरूनच कळलं. "भंडाऱ्यानं झालं ते!" तुकाबाई रडायलाच लागली. "मी लावला. माझा हात काढून न्या, त्येचा नका नेऊ."

"भंडाऱ्यानं बोटं अडकतील, मावशी. थरथरणार नाहीत."

राघूला एकच वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलंसुद्धा. संपतचा हात थरथरतो, माझं मशीन धडधाकट आहे, एवढंच. पण कुडाला अर्धं गाव होतं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जुन्नर गाठून आलं असतं. थोटा हा शब्द गावाच्या तोंडात कसा बसतो, ते राघूइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं बंडीतून पाना काढला आणि मॅडमपुढं धरला. 

"पाना पुण्याला व्हता ना रं?" मागून आवाज आला.

संपत. गर्दीतून वाट काढत आला, दोन्ही हात खिशात. राघूपुढं उभा राहिला. मग त्यानं उजवा हात बाहेर काढला. सगळ्यांदेखत, मुद्दाम हळू. हात थरथरत होता, बोटं तर अशी जणू विडी वळतायत. 

"धर," तो म्हणाला.

"संपत, राहू दे."

"धर म्हणतो ना राघ्या!"

राघूनं धरला. मॅडमनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर रेघ नाचायला लागली, सेकंदाला पाचदा, कालच्यासारखीच.

"मशीन बेस हाय, म्याडम," संपत म्हणाला. "बिघाड माझ्यात हाय. ह्याला काल कळलं व्हतं. तरी म्हणला मशीनच थरथरतंय."  मग तो गावाकडे वळला आणि खेकसला, कारण खेकसल्याशिवाय त्याला ते बोलता आलं नसतं. "आन् ऐका! तीन वर्षांमागं हे नुकतंच लागलं व्हतं. वरल्या अंगाची गाठ मी मारली, ती बसंना, मी तशीच सोडली. सकाळी सगळ्यांच्या आधी मी गेलो व्हतो. वरलीच गाठ सुटली व्हती. राघ्याची गाठ जाग्यावर व्हती. मी ती बी सोडली आन् मग बोंब मारली!"

तीन वर्षं. राघूला वाटलं, याच हातानं एक ठेवून द्यावी, टोमॅटोची आठवण राहील अशी. मूठ वळलीसुद्धा, आणि संपत "आई गं!" म्हणाला, कारण त्याचा हात अजून त्याच मुठीत होता.

"हा सिग्नल अगदी स्वच्छ आहे," मॅडम पुटपुटल्या. मग संपतकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला चला, दादा. याच्यावर गोळ्या असतात."

"ह्येच्यात बी मेख ठोकणार का?" तुकाबाईनं डोळे पुसत विचारलं. तिच्या आवाजात थोडी आशा होती.

मग परीक्षा झाली. राघूनं वाघरीची दोन्ही टोकं घेतली. डाव्या हातानं फास धरला, नव्या अंगठ्यानं दोर दाबला, पीळ लागला तसा आवळला. दात लावले नाहीत. गाठ बसली. मॅडमनं वहीत 'पास' लिहिलं, पण राघूचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ओढून बघ," तो संपतला म्हणाला.

संपतनं त्याच थरथरत्या हातानं दोर ओढला. दोन्ही पाय रोवून, अंग टाकून ओढला. गाठ हलली नाही.

"गुरवारी मेंढ्या बसव माझ्या वावरात," संपत धापा टाकत म्हणाला. "खालच्या वावरात."

"शेजारी कोथिंबीर हाय का?"

"हाय की. दीड एकर."

"मग दोन्ही अंगाच्या गाठी मी मारणार," राघू म्हणाला. "तू आपला खिशात हात घालून बस."

संपत हसला. सगळं गाव बघत होतं, हात थरथरत होता, तरी तो खिशात न घालता हसला.